अडत हिशेब: गिट आणि व्हीएस कोड जुळवतानाच्या नोंदी

प्रकल्प: कळमना बाजारातल्या एका संत्रा अडत्याचं सॉफ्टवेअर. शेतकऱ्याची हिशेबपट्टी, हमाली, तोलाई, खरेदीदारांची उधारी, छपाई. जागा: धरमपेठेतलं आमचं ऑफिस. माणसं चार. मी, काका (हिशेबाचा सगळा भाग त्यांच्याकडे), वर्ध्याची ताई (छपाई आणि अहवाल) आणि मार्चमध्ये आलेला काटोलचा मुलगा. काका आणि मुलगा मलाही ताईच म्हणतात, पण नोंदींत मी ताई लिहिते ती वर्ध्याची. सहा वर्षं कोड सबव्हर्जनवर होता, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल कोणी, कधी केला याची नोंद ठेवणाऱ्या जुन्या साधनावर. मार्चमध्ये बाहेरच्या एका माणसाकडून तो गिट या त्याच कामाच्या नव्या साधनावर आणून घेतला आणि तेव्हापासून व्हीएस कोड या आमच्या एडिटरमधल्या, गिटचे बदल दाखवणाऱ्या सोर्स कंट्रोल पॅनलबद्दल रोज कोणाची तरी तक्रार असते. आंबिया बहाराची संत्री बाजारात यायच्या आधी नवी आवृत्ती द्यायची आहे. तेवढ्यात हे मुळापासून निस्तरायचं ठरवलं, म्हणून ही वेगळी नोंदवही.

२० मे २०२४, सोमवार

सुरुवात काकांच्या लॅपटॉपपासून. पॅनल उघडलं की एकच निरोप, गिट सापडलं नाही. काका म्हणाले, "ताई, शुक्रवारीच तर बसवलं मी." आणि खरंच बसवलेलं होतं. नवी टर्मिनल खिडकी उघडून आवृत्ती विचारली तर लगेच उत्तर आलं. म्हणजे गिट आहे, एडिटरला दिसत नाही.

विंडोजवर व्हीएस कोड गिट आधी प्रोग्राम फाइल्सच्या ठरलेल्या जागी शोधतो, नंतर पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम कुठे कुठे शोधायचे त्या फोल्डरांच्या यादीत. काकांचा सी ड्राइव्ह भरलेला, म्हणून त्यांनी गिट डी ड्राइव्हवर बसवलं. ठरलेल्या जागी ते नव्हतंच. पाथमध्ये होतं, पण कोणताही प्रोग्राम सुरू होताना पाथची नक्कल घेतो आणि बंद होईपर्यंत तीच वापरतो. काका लॅपटॉप कधी बंद करत नाहीत, फक्त झाकण लावतात. त्यांचा व्हीएस कोड गुरुवारपासून उघडा होता, त्याच्या खिशात गुरुवारचा पाथ. "रीलोड विंडो" करून उपयोग नाही, कारण मूळ प्रक्रिया तीच राहते. सगळ्या खिडक्या बंद करून नव्याने उघडला, काम झालं.

ताईच्या मशीनवर उलट गोष्ट निघाली. तिथे गिट दोन. एक आम्ही बसवलेलं, दुसरं कुठल्याशा जुन्या साधनाबरोबर आलेलं, फार मागच्या आवृत्तीचं. "व्हेअर गिट" विचारलं तर दोन ओळी आल्या. सेटिंगमध्ये "गिट डॉट पाथ" भरून योग्य त्याचा पत्ता पक्का केला.

आजची सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे आउटपुटच्या खिडकीतली "गिट" नावाची नोंद. पॅनल आपल्या पाठीमागे कोणती आज्ञा देतं, ती किती मिलिसेकंदांत पुरी होते आणि गिट काय उत्तर देतं, ते सगळं तिथे ओळीने उमटतं. पॅनलला स्वतःचं काही माहीत नसतं, ते गिटला विचारून आपल्याला सांगतं. यापुढे तक्रार आली की आधी ही खिडकी उघडायची, असं चौघांना सांगितलं.

२१ मे, मंगळवार

ताईचं जुनं मशीन गेलं, त्यातली डिस्क नव्या मशीनला लावली. फोल्डर उघडतं, फाइली दिसतात, पण पॅनल कोरं. खाली असुरक्षित रेपॉझिटरीबद्दल (गिट सांभाळतं ते फोल्डर) एक बटण. टर्मिनलात गिट स्पष्ट बोललं, "ड्युबियस ओनरशिप", मालकी संशयास्पद. फोल्डर जुन्या मशीनवरच्या खात्याच्या मालकीचं, आणि आत्ता बसलेली व्यक्ती नव्या खात्याने आलेली. नाव तेच असलं तरी विंडोजच्या लेखी ती दोन वेगळी माणसं.

ही तपासणी गिटच्या २.३५.२ आवृत्तीत, एप्रिल २०२२ मध्ये आली. त्यामागचं कारण मुलाला नीट समजावलं. रेपॉझिटरीच्या आतल्या सेटिंग फाइलमध्ये अशा नोंदी असू शकतात, ज्यांच्यामुळे गिट एखादा प्रोग्राम चालवतं. एकाच मशीनवर अनेक जण काम करत असतील आणि कोणी वरच्या फोल्डरात स्वतःचं गिटचं फोल्डर ठेवून दिलं, तर आपण नुसती स्थिती विचारली तरी त्याचा प्रोग्राम आपल्या नावाने चालेल. एडिटर तर दर थोड्या वेळाने आपणहून स्थिती विचारत असतो.

शोधलं तर जिकडेतिकडे एकच उपाय सांगतात: "सेफ डॉट डिरेक्टरी"मध्ये तारांकन टाका, म्हणजे सगळी फोल्डरं कायमची सुरक्षित. मी तो करू दिला नाही. फोल्डरच्या गुणधर्मांत जाऊन मालक बदलला, आतल्या सगळ्या फाइलींसकट. वेळ लागला, पण दुखणं होतं तिथेच औषध लागलं.

२३ मे, गुरुवार

बुद्धपौर्णिमा. ऑफिस बंद.

२४ मे, शुक्रवार

आजचा दिवस वाईट गेला. जसं घडलं तसं लिहून ठेवते.

मुलगा विंडोजच्या पोटात लिनक्स चालवतो, डब्ल्यूएसएल. कोड डी ड्राइव्हवर, तोच एकदा विंडोजच्या खिडकीतून आणि एकदा लिनक्सच्या खिडकीतून उघडतो. तीन दिवस तो लिनक्सच्या खिडकीत गाळाभाड्याचा नवा भाग लिहीत होता. सहा नव्या फाइली, एकही अजून गिटमध्ये न घातलेली. पॅनलवर बदललेल्या फाइलींचा आकडा १,३१२. प्रत्येकीपुढे पिवळा "एम", म्हणजे बदललेली. आपण यांतल्या एकाही फाइलीला हात लावलेला नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हा नुसता कचरा असेल असं समजून त्याने "सगळे बदल टाकून द्या" दाबलं. एडिटरने विचारलं, फक्त आधीपासूनच्या फाइली की नव्यासुद्धा? त्याने सगळ्या म्हटलं.

१,३१२ चा आकडा शून्य झाला आणि त्याच्याबरोबर त्या सहा फाइलीही गेल्या.

माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता. "ताई, मी काईच नाई केलं ना, फक्त ते पिवळं साफ करून पाह्यलं." मी त्याला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, आता कीबोर्डला हात लावायचा नाही. पाणी पी आधी.

गिटकडून आशा नव्हती. त्याने फाइलीसमोरचं अधिक चिन्ह एकदा जरी दाबलं असतं, तरी गिटने ती फाइल आपल्या कोठारात घेतली असती आणि "एफएससीके" आज्ञेने लोंबकळते तुकडे काढून घेता आले असते. त्याने ते दाबलेलं नव्हतं, म्हणजे गिटच्या लेखी या फाइली जन्मल्याच नव्हत्या.

तेव्हा व्हीएस कोडचा स्वतःचा इतिहास आठवला. मार्च २०२२ च्या आवृत्तीपासून एडिटरमध्ये फाइल सेव्ह केली की तो एक प्रत बाजूला ठेवतो. गिटशी त्याचा काही संबंध नाही. एका फाइलीच्या ५० प्रती, आणि फाइल २५६ केबीच्या आतली हवी. आज्ञांच्या पट्टीत "लोकल हिस्टरी" लिहून परत आणण्याची नोंद शोधायचा पर्याय निवडला. पुसल्या गेलेल्या फाइलींची नावं यादीत आली. एक उघडली, वेळ सकाळी ११:०४, शेवटची सेव्ह. त्याच्या भाडेवसुलीच्या तक्त्याचं शेवटचं कंस बंद झालेलं सुद्धा तसंच होतं. पाच फाइली अशा एकेक करून परत आल्या. सहावी आली नाही. ती गाळ्यांची यादी होती, अडत्याने वॉट्सअपवर पाठवलेली, मुलाने एडिटरमध्ये न उघडता सरळ फोल्डरात टाकलेली. जी एडिटरच्या हातून गेलीच नाही तिची प्रत तो कुठून ठेवणार? वॉट्सअपवरून पुन्हा उतरवून घेतली.

चूक त्याची एकट्याची नाही. दोन महिने पॅनलवर खोटे बदल दिसत होते आणि आम्ही "ते तसंच असतं" म्हणत गेलो. खोट्या इशाऱ्याची सवय लागली की माणूस खऱ्यालाही तसंच वागवतो. ती सवय आम्ही त्याला लावली.

२५ मे, शनिवार

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. कूलरच्या ताट्या सकाळीच बदलून घेतल्या तरी अकरानंतर खोलीत बसवत नव्हतं. शनिवार असूनही चौघेही आलो. १,३१२ चं मूळ आज शोधायचंच होतं.

मुलाने टाकून दिलेल्या बदलांमुळे त्याचं फोल्डर आता साफ दिसत होतं, म्हणून माझ्या मशीनवर तेच घडवलं. विंडोजच्या खिडकीत पॅनल स्वच्छ. तेच फोल्डर लिनक्सच्या खिडकीत उघडलं, १,३१२. फरक बघायला एक फाइल उघडली तर डावीउजवी तंतोतंत सारखी. मग "गिट एलएस-फाइल्स"ला ओळीच्या शेवटांचा पर्याय देऊन विचारलं. ही आज्ञा प्रत्येक फाइलीपुढे दोन गोष्टी सांगते: गिटच्या कोठारात ओळ कशी संपते आणि डिस्कवर कशी संपते. कोठारात एलएफ, डिस्कवर सीआरएलएफ. पानंच्या पानं हेच.

काकांना हे शब्द कळेनात. मी सांगायला लागले आणि मध्येच त्यांनी हात वर केला. "थांब ताई, हे तर टायपिंगचं हाय." काकांनी तरुणपणी सीताबर्डीवर मराठी टायपिंगचा क्लास केलेला, तीसच्या वेगाची परीक्षा पास. त्यांनी टेबलावर दोन्ही हात ठेवून दाखवलं. ओळ संपली, घंटी वाजली की डाव्या हाताने दांडी ढकलायची. एका ढकलण्यात दोन कामं: रूळ फिरून कागद एक ओळ वर सरकतो आणि गाडी पुन्हा पहिल्या अक्षरावर येते. हवेत ढकललेल्या त्या हाताकडे मुलगा एकटक बघत होता. त्याने टाइपरायटर प्रत्यक्ष पाहिलेलाच नाही.

तीच दोन कामं. गाडी परत आणणं म्हणजे सीआर, कागद सरकवणं म्हणजे एलएफ. डॉस आणि पुढे विंडोजने ओळीच्या शेवटी दोन्ही खुणा ठेवल्या, युनिक्सच्या घराण्याने एकच ठेवली. विंडोजचं गिट बसवताना आपण काही न बदलता पुढे पुढे जात राहिलो, तर "ऑटोसीआरएलएफ" चालू राहतं. कोठारात एलएफ ठेवतं, डिस्कवर काढताना सीआरएलएफ करतं आणि तुलना करताना हा फरक धरत नाही. लिनक्सच्या गिटला ती सेटिंग माहीत नाही. ते डिस्कवरचं जसंच्या तसं पाहतं आणि प्रत्येक ओळ बदलली म्हणतं. एकच फोल्डर, दोन गिट, दोन उत्तरं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

उपाय प्रत्येकाच्या मशीनवर नको, प्रकल्पातच हवा. म्हणून मुळाशी "गिटॲट्रिब्यूट्स"ची फाइल बनवली. सगळ्या मजकूर फाइलींना आपोआप ओळख, शेल स्क्रिप्टला कायम एलएफ, बॅच फाइलींना कायम सीआरएलएफ, लोगो आणि फाँट बायनरी. ही फाइल कोडबरोबरच जाते, त्यामुळे विंडोज असो की लिनक्स, नियम तोच. मग "ॲड"ला "रीनॉर्मलाइझ" जोडून चालवलं, कारण सबव्हर्जनवरून आणताना काही जुन्या फाइली कोठारातच सीआरएलएफ घेऊन बसल्या होत्या. एक स्वतंत्र कमिट (गिटमध्ये एकदम नोंदवलेले बदल), त्यात दुसरा एकही बदल नाही.

काकांनी लगेच योग्य शंका काढली: आता प्रत्येक ओळ कोणी लिहिली विचारलं तर त्या जुन्या फाइलींत सगळीकडे माझंच नाव येईल. त्यासाठी गिटमध्ये सोय आहे, २०१९ च्या २.२३ पासून. वगळायच्या कमिटांचे क्रमांक एका फाइलीत लिहायचे आणि "ब्लेम"ला ती फाइल दाखवायची. ते केलं. हमालीच्या हिशेबाच्या ओळींपुढे पुन्हा काकांचं नाव आलं. त्या ओळी त्यांनी अडत्याच्या गादीवर बसून, वह्या बघून लिहिलेल्या आहेत. ते नाव तिथे राहिलंच पाहिजे.

दुपारी दोनला लिनक्सच्या खिडकीत पॅनल शून्य. विंडोजमध्येही शून्य. ताईने घरून आणलेलं पन्हं तेव्हा प्यायलो.

२७ मे, सोमवार

ताईची जुनी तक्रार होती, शेतकऱ्यांच्या यादीचा मथळा बदलते तरी छापताना जुनाच येतो. आम्ही ती छपाईची चूक समजून बाजूला ठेवली होती.

नमुन्यांच्या फोल्डरात फाइलींची नावं मराठीत आहेत. पाहिलं तर "शेतकऱ्यांची यादी" दोनदा. त्याच फोल्डरात, त्याच नावाने, एकाखाली एक. असं होऊ शकत नाही असं मीही क्षणभर म्हटलं. एडिटरमध्ये दोन्ही नावं हुबेहूब. टर्मिनलात गिटची स्थिती विचारली तर मराठी अक्षरांऐवजी तिरक्या रेघा आणि आकडे. काका मागे उभे होते. "फाइल खराब झाली का हे?"

फाइल खराब नव्हती. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि गिट अशा नावांचे बाइट अष्टमान पद्धतीत छापतं. "प" असेल तर ३४०-२४४-२५२. सगळे जण ही सवय बंद करतात, "कोटपाथ" बंद केलं की मराठी नीट दिसतं. मी बंद करणारच होते. पण आधी दोन्ही नावांचे आकडे कागदावर उतरवून घेतले, एकाखाली एक, आणि बरं झालं.

"शेतक"पर्यंत दोन्ही ओळी सारख्या. पुढे वरच्या ओळीत ३४०-२४४-२६१. खालच्या ओळीत ३४०-२४४-२६०, आणि हलन्ताच्या आकड्यांनंतर एक जादा तुकडा, ३४२-२००-२१५.

२६१ म्हणजे "ऱ", एक स्वतंत्र अक्षर. २६० म्हणजे साधा "र". तो जादा तुकडा म्हणजे जोडणारं अदृश्य चिन्ह, झेडडब्ल्यूजे. "ऱ्य" दोन वाटांनी लिहिता येतं: ऱ, हलन्त, य, किंवा र, हलन्त, अदृश्य चिन्ह, य. युनिकोड दोन्ही मानतं, दुसरी वाट जुन्या आवृत्तीशी जुळावं म्हणून ठेवलेली. डोळ्यांना फरक नाही, मशीनला ती दोन वेगळी नावं. ताई इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करते, तिथे ऱ ची कळ आहे. मुलाचा कीबोर्ड उच्चारावरचा, तो दुसरी वाट धरतो. एप्रिलमध्ये त्याने हीच फाइल नव्याने सेव्ह केली, नाव स्वतः टाइप करून. कोड त्याची फाइल उघडत होता, ताई तिची बदलत होती.

दोन महिने ताई एकच मथळा पुन्हा पुन्हा बदलत राहिली आणि आम्ही तिला प्रिंटर तपासायला सांगत राहिलो. आज तिची माफी मागितली.

निर्णय घ्यायला जड गेलं. कोडमधल्या फाइलींची नावं यापुढे रोमन लिपीत, लहान अक्षरांत. पडद्यावर आणि कागदावर मराठीच राहील, एका ठिकाणच्या यादीत नावांची जोडी लावून. मराठी नावं मीच हौसेने दिली होती, कारण अडत्याच्या मुनीमजींनाही फोल्डर उघडून वाचता यावं असं वाटत होतं. पण "शेतकऱ्यांची", "व्यापाऱ्यांची", "दुसऱ्या", आमच्या अर्ध्याअधिक नावांत हाच ऱ्य आहे.

पुन्हा होऊ नये म्हणून कमिटपूर्वीची तपासणी बसवली. ती शोधायला लांब जावं लागलं नाही. गिट प्रत्येक नव्या रेपॉझिटरीच्या हुक्सच्या, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टच्या, फोल्डरात काही नमुने ठेवतं, त्यातल्या "प्री-कमिट"च्या नमुन्यात रोमनबाहेरच्या नावांची नेमकी हीच अडवणूक आहे. तो नमुना प्रकल्पातल्या एका फोल्डरात घेतला आणि "हुक्सपाथ" तिकडे वळवला, कारण हुक्सचं मूळ फोल्डर क्लोनबरोबर (सर्व्हरवरून उतरवलेल्या पूर्ण प्रतीबरोबर) जात नाही. पॅनलमधून मुद्दाम मराठी नावाची फाइल कमिट करून पाहिली. अडली. कारण आउटपुटच्या खिडकीत दिसलं.

२९ मे, बुधवार

पुश होईना, म्हणजे कमिट सर्व्हरवर चढेनात, फक्त मुलाच्या मशीनवर, तेही विंडोजच्या खिडकीतून. "परवानगी नाकारली, पब्लिक की." टर्मिनलात सर्व्हरशी ओळख तपासली तर ठीक.

हेही पुन्हा दोन गिटच्याच जातीचं: एसएसएच, म्हणजे किल्लीने ओळख पटवून सर्व्हरशी जोडणारा प्रोग्राम, दोन. एक विंडोजचं स्वतःचं, एक गिटबरोबर आलेलं. मुलाने किल्ली विंडोजच्या, किल्ल्या सांभाळणाऱ्या एजंटकडे दिली आणि गिट आपल्या सोबतच्या एसएसएचला विचारत होतं, ज्याला तो एजंट दिसत नाही. गिटच्या "कोअर डॉट एसएसएचकमांड"मध्ये विंडोजच्या एसएसएचचा पत्ता दिला. दहा मिनिटांचं काम, पण शोधायला सकाळ गेली.

काकांना किल्ल्यांचा घोळ नको म्हणून एचटीटीपीएसच ठेवलं. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी साधा पासवर्ड घेणं बंद केलं आहे, त्यामुळे ब्राउझरमधून एकदा लॉगिन आणि पासवर्डऐवजीचं टोकन विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये. तिथे जुना पासवर्ड पडून होता, तो आधी काढला.

३० मे, गुरुवार

दुपारी तीनला लाइन गेली. इन्व्हर्टर कूलरवरच दमला होता, त्याने दोन मिनिटांत मान टाकली. लॅपटॉप तगले. ताईचं डेस्कटॉप बंद पडलं, नेमकी कमिट चालू असताना.

लाइन आल्यावर पॅनल म्हणालं, दुसरी एक गिट प्रक्रिया चालू आहे, "इंडेक्स डॉट लॉक" आहे. ती फाइल पुसून टाकायचा मोह होतो. आधी टास्क मॅनेजरमध्ये गिटचं काही चालू नाही ना ते पाहिलं, एडिटर बंद केला, मगच पुसली. गिट काम करताना ती फाइल दाराला कडी म्हणून लावतं आणि जाताना काढतं. घरात कोणी असताना बाहेरून कडी उचकटली तर इंडेक्सचं, म्हणजे पुढच्या कमिटच्या यादीचं, नुकसान होऊ शकतं.

पुढचा निरोप वाईट होता: "ऑब्जेक्ट फाइल रिकामी आहे." लिहिता लिहिता वीज गेली, नाव पडलं पण मजकूर डिस्कवर पोचला नाही. सगळ्यात आधी ताईचं अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. बिघडलेल्यावर उपचार करण्यापूर्वी बिघडलेल्याची प्रत, हा नियम मी मोडत नाही. मग "एफएससीके". तीन वस्तू शून्य बाइटच्या. त्या बाजूला केल्या, सर्व्हरवरून फेच केलं, म्हणजे तिथलं उतरवून घेतलं. दोन परत आल्या. तिसरी आजच्या अर्धवट कमिटची, ती सर्व्हरवर गेलेलीच नव्हती. पण मूळ फाइली डिस्कवर शाबूत होत्या, त्या पुन्हा ॲड करून ताईने कमिट नव्याने केली. गेलं काही नाही. तिच्या डेस्कटॉपसाठी वेगळा यूपीएस मागवला.

३ जून, सोमवार

चौघांनी जुनी फोल्डरं गुंडाळून ठेवली आणि नव्याने क्लोन केलं. मुलाने आपलं क्लोन आता लिनक्सच्या स्वतःच्या जागेत ठेवलं, डी ड्राइव्हवर नाही. एक फोल्डर एकाच गिटच्या ताब्यात. स्थिती तपासायला लागणारा वेळही बराच उतरला, कारण दोन फाइल सिस्टिमच्या मधली वारी वाचली.

जेवताना गुरुवारच्या त्या ५६ अंशांचा विषय निघाला. रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने तेवढं तापमान दाखवलं आणि फोनाफोनी होऊन गेली. मग हवामान खात्याने खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. ऊन होतंच, चाळिशीच्या बरंच वर होतं, पण छप्पन नव्हतं. मुलगा हळूच म्हणाला, "आपले तेराशे बारा, ताई." कोणी काही बोललं नाही. त्याने डब्यातली पाटवडी माझ्याकडे सरकवली.

५ जून, बुधवार

पहिली खरी टक्कर आली, आणि तीच हवी होती. काकांनी आणि मुलाने हिशेबपट्टीतली एकच ओळ आपापल्या शाखेत (कोडच्या वेगळ्या प्रवाहात) बदललेली. मुलाने हमाली आणि तोलाई दोन्ही जवळच्या रुपयात आणलेली, काकांनी दोन्ही पैशांपर्यंत ठेवलेली.

काकांना म्हटलं, तुम्हीच सोडवा, मी बाजूला बसते. त्यांनी व्हीएस कोडचा, दोन शाखा जोडायचा मर्ज एडिटर उघडला. डावीकडे येणारं, उजवीकडे आपलं, खाली निकाल. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दोन्ही बाजू दोनदा वाचल्या. एक बाजू निवडायचं बटण समोर होतं, ते दाबलं नाही. खिशातून फोन काढला आणि कळमन्याला लावला. "शेठजी, पट्टीत हमाली पूर्ण रुपयात घेता ना? अन् तोलाई?" पलीकडून बराच वेळ उत्तर आलं. मागे लिलावाचा गलका ऐकू येत होता.

मग त्यांनी खालच्या खिडकीत दोन्ही ओळी स्वतः लिहिल्या, मर्ज पुरं केलं आणि कमिटच्या रकान्यात दोन बोटांनी टाइप केलं: "हमाली पूर्ण रुपयात, तोलाई पैशांसकट. शेठजींना फोनवर विचारून केलं." पुश झालं. पॅनलवर शून्य.

मुलाने आपल्या मशीनवर पुल केलं आणि तो निरोप मोठ्याने वाचून दाखवला. उद्या ताईची छपाईची शाखा घ्यायची.